कोपराने जोखलेलं पाणी

रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे आपोआप मोजणारं यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं ते रसायनीजवळच्या एका दवाखान्यात. ऐंशीच्या पुढची वर्षं होती. काचेच्या छोट्या नळीत एक पोलादी गोळी फिरत असते. रक्त गोठलं की ती अडकते आणि शेजारचा सेन्सर ते टिपून घड्याळ थांबवतो. विकायला आलेला माणूस रंगात येऊन सांगत होता. शेवटी म्हणाला, "आणि आतलं तापमान सदतीस अंशांवर पोचेपर्यंत हा लाल दिवा विझत नाही. तोवर यंत्र कामच सुरू करत नाही. चूक करायची म्हटली तरी करता येत नाही, साहेब."

सगळे हसले. मी उठून बाहेरच्या टपरीवर चहा मागवला. मला त्या दिव्याचा राग आला होता. तो सात वर्षं उशिरा आला होता.

त्याआधी मी कर्जतला एका डॉक्टरांच्या लहानशा हॉस्पिटलात रक्त-लघवी तपासायचो. रक्त गोठण्याची तपासणी तिथे हातानेच चाले. स्टोव्हवर पाणी कोमट करायचं, पातेल्यात नळी धरायची, औषध घालायचं, स्टॉपवॉच दाबायचं आणि नळी तिरकी करकरून आत पहिला तंतू कधी धरतो ते डोळे फाडून बघायचं. पाणी बरोबर सदतीस अंश हवं. थंड असलं तर रक्त उगाच उशिरा गोठतं आणि आकडा खोटा येतो. म्हणून दर वेळी पेशंटबरोबर एका निरोगी माणसाचं रक्तही त्याच पाण्यात तपासायचं, असा नियम. त्याचं चौदा सेकंदांत गोठलं, की समजायचं आपलं सगळं ठीक आहे. रोज निरोगी माणूस कुठून आणायचा? तो मीच. माझ्या डाव्या हाताची चाळण झाली होती.

चौक गावची एक बाई दर पंधरा दिवसांनी यायची. वय तिशीचं. नवरा हायवेवरच्या गॅरेजात मेकॅनिक. लहानपणी सांधे धरणाऱ्या तापाने तिच्या हृदयाची झडप बिघडली होती, आणि मुंबईत मोठं ऑपरेशन करून नकली झडप बसवली होती. तिच्याजवळ बसलं की झडपेची टिकटिक ऐकू यायची. त्या झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून तिला रोज रक्त पातळ करणारी गोळी होती. गोळी जास्त झाली तर रक्त वाहून मरायची भीती, कमी झाली तर गाठ होऊन. तिचं रक्त अठ्ठावीसेक सेकंदांत गोठायला हवं. मी आकडा लिहायचा, त्यावर डॉक्टर गोळी कमी-जास्त करायचे, आणि त्यावर ती जगायची. इतकं ते सरळ होतं.

ती मात्र हसतमुख. हात पुढे करून विचारायची, "भाऊ, आज कसं हाय माझं रगात? वरनाचं पानी का घट्ट आमटी?"

त्या हिवाळ्यात आमचा थर्मामीटर फुटला. डॉक्टर नवा मागवतो म्हणाले, तर मीच म्हटलं, घाई नाही. माझी आई दहिवलीत घरोघरी तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायला जायची. पाण्यात कोपर बुडवून ती अंदाज घ्यायची. मीही तिच्याकडून ते उचललं होतं. थर्मामीटर शाबूत असताना दोन-तीनदा ताडून पाहिलं, तर माझं कोपर अगदी बरोबर निघालं होतं. तेव्हापासून मला त्या कोपराचा गर्व चढला होता.

ती आली तो संक्रांतीचा दुसरा दिवस होता, करीचा, म्हणजे किंक्रांतीचा अशुभ दिवस. सकाळी निघताना आईने दारात अडवलं. "आज कर हाय रं. आज सोताच्या अंगात सुई घालून घेऊ नको." मी बरं म्हटलं. दुसऱ्यांच्या अंगात घातलेली चालते का, हे मी तिला विचारलं नाही. धुक्यातून, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, सायकल मारत नदीवरच्या पुलावरून आलो. हात गारठून लाकूड झाले होते. स्टोव्ह पेटवला, पाणी तापवलं, कोपर बुडवलं. छान ऊबदार वाटलं. गारठलेल्या कातडीला काय, काहीही ऊबदार वाटतं.

माझं रक्त काढायचं मी टाळलं. वहीत निरोगी माणसाच्या रकान्यात सवयीने चौदा लिहिलं. तिचा आकडा आला एक्केचाळीस.

डॉक्टर दचकले. "आठ दिवस गोळी पूर्ण बंद. नाहीतर कुठूनही रक्त सुटेल." ती पदर सावरत उठली. "आठ दिस सुट्टी म्हना की," म्हणाली आणि गेली.

सहाव्या दिवशी सकाळी भाकरीचं पीठ मळताना तिचा उजवा हात परातीतच राहिला आणि तोंड वाकडं झालं. झडपेवरची गाठ सुटून मेंदूत गेली होती. टेंपोत घालून पनवेलला नेलं, पण पोचायच्या आत ती गेली.

त्याच आठवड्यात नवा थर्मामीटर आला. बाहेर तसंच धुकं होतं, मी तसाच सायकलवरून आलो होतो. आधी कोपर बुडवलं. ते म्हणालं, बरोबर आहे. मग थर्मामीटर बुडवला. एकतीस अंश. दरवाजाला कडी लावून मी स्वतःचं रक्त काढलं आणि त्याच पाण्यात लावलं. चौदाऐवजी एकवीस सेकंद लागले. म्हणजे तिचंही त्याच पटीत लांबलं होतं. तिचं रक्त अगदी हवं तसं होतं आणि तिची गोळी मी थांबवली होती. मी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनाही नाही.

तेराव्यानंतर तिचा नवरा आला. डोकं भादरलेलं, नखांत ग्रीस तसंच. बाकावर बसला आणि म्हणाला, "भाऊ, एक इचारायचं व्हतं. मदी ती म्हनत व्हती, गोळी दे, मला बरं नाय वाटत. मीच दिली नाय. डॉक्टर नाय बोललेत म्हनून डबी माळ्यावर ठेवली. त्या दिशी तुमचा आकडा बराबर व्हता ना?"

खरं सांगायची तीच वेळ होती. मी म्हटलं, "हो, बरोबर होता."

तो मान हलवत म्हणाला, "मग भाजीनंच घात केला. डॉक्टरांनी पालेभाजी नको म्हनून सांगितलं व्हतं, गोळीचा जोर मोडतो म्हनं. भोगीला माझ्या आयशीनं भाजी केली व्हती, तिच्या हातची खाल्ली हिनं." एका दिवसाच्या भाजीने असं होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी वही मिटली. त्याच्या भल्यासाठी खोटं बोललो, असं मी त्या वेळी स्वतःला समजावलं. पण तो उठून गेला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं.

पुढे कानावर आलं की त्याने आईच्या हातचं अन्न सोडलं. तिला तिच्या भावाकडे नेऊन टाकलं आणि पुन्हा तिचं तोंड पाहिलं नाही.

तीन-चार वर्षांनी ती म्हातारी साखर तपासायला आमच्याकडे आली. बरोबर कुणी नव्हतं. मी तिला ओळखलं नव्हतं. दंडाला रबर बांधताना गाव विचारलं, तेव्हा कळलं की ही त्या मेकॅनिकची आई. तिने मला ओळखलं होतं. माझा हात धरून ती अगदी हळू बोलली.

"तुमीच तिचं रगात बगायचे ना? तुमाला कलंल. त्या भाजीत पाला नवता ओ. हरबऱ्याचा पाला मी येगला काढून ठेवला व्हता, तिला चालत नाय म्हनून. नुसते वाल, वांगी आन् गाजर. पोराला किती सांगितलं, त्याला पटत नाय. तुमी सांगितलं तर तुमचं ऐकंल."

मी म्हटलं, "मूठ घट्ट धरा." तिने धरली. मी शीर शोधली आणि सुई घातली.