नीरजाच्या फ्रॉकचा रंग

शशिकांत बोंद्रे कुवेतमधल्या फिंतासला राहायचे आणि रिफायनरीत दाबाची, तापमानाची मीटरं जुळवायचे. सुई जरा इकडेतिकडे झालेली त्यांना खपत नसे. बायको चारुशीला सरकारी दवाखान्यात नर्स.

त्यांची पहिली मुलगी नीरजा अडीच वर्षांची असताना, १९८९ साली, तापाने गेली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये इराकी फौजा आल्या. दोघं दोन बॅगा घेऊन जॉर्डनमार्गे नाशिकला पोचले, अल्बम कपाटातच राहिले. ब्याण्णव साली परत आले तर फ्लॅटमध्ये कपाटसुद्धा नव्हतं. उरला तो चारुशीलाच्या पर्समधला एकच फोटो. समुद्राकाठी उन्हाने डोळे बारीक करून उभी राहिलेली नीरजा. तोही विटत विटत सगळा तांबूस झाला होता.

२००४ साली शशिकांतांनी स्कॅनर आणि फोटो प्रिंटर आणला. चकचकीत कागदावर पहिला फोटो तांबूसच, पण सुरेख आला. चारुशीलाने तो हॉलमध्ये खिडकीसमोर लावला. एका उन्हाळ्यात नीरजाचा चेहरा पुन्हा फिका पडला, या वेळी हिरवट.

"परत चाललीय ती," चारुशीला म्हणाली आणि तिने फ्रेम उतरवली.

ते शब्द शशिकांतांना फार लागले. ते कुवेत सिटीत प्रिंटरच्या दुकानात गेले. दुकानदार कमाल त्यांना समजावू लागला, की साधी शाई उन्हात उडते, बारीक रंगकणांची पिगमेंट शाई टिकते. कागद सुती घ्या, आणि फार पांढराशुभ्र नको. त्यात चमक आणणारं रसायन असतं, ते संपलं की कागद पिवळा पडतो. "शीशे के पीछे रखो भाईसाब, आपके बाद भी रहेगा."

म्हणजे टिकण्याचा प्रश्न सुटला. शशिकांतांनी शाई, कागद आणले, तांबूसपणा काढला, आणि एका शुक्रवारी नवा फोटो टेबलावर ठेवला.

"अहो, फ्रॉक पिवळा कुठे होता? पिस्ता होता. आईनं शिवलेला."

"फोटो मी काढलाय, चारू. पिवळाच होता."

विटलेल्या फोटोतून काहीच ठरत नव्हतं. शशिकांतांनी नाशिकला सासूबाईंना फोन लावला. "पिस्ता शिवला होता की," त्या म्हणाल्या, "पण तो ज्ञानदाला बहुतेक." ज्ञानदा ही धाकटी, नीरजा गेल्यावर चार वर्षांनी झालेली. म्हाताऱ्या डोक्यात दोघी नातींची सरमिसळ झाली होती.

मग त्यांनी कागदाच्या पट्ट्यांवर रंगछटा काढून पाहिल्या. चारुशीला आज एक पट्टी निवडायची, उद्या तीच नाकारायची. फ्रॉक पिस्ता केला की चेहऱ्यावर हिरवट झाक यायची. तसा एक पूर्ण फोटो पाहून ती उठलीच. "हा तिचा शेवटच्या आठवड्यातला चेहरा आहे हो. हा नको."

त्यांनी तो फाडला. मीटर जुळवायला त्यांच्याकडे प्रमाण असायचं, खात्रीचं एक यंत्र. इथे कशाशी जुळवायचं?

शेवटी त्यांनी रंगच काढून टाकले. जाड सुती कागदावर नुसती काळी आणि करडी शाई. नीरजाच्या कपाळावरचे भुरभुरते केस पहिल्यांदाच स्पष्ट दिसले. चारुशीलाने फोटो हातात धरला, बराच वेळ पाहिला.

"छान आलाय."

"मग?"

"काही नाही. लावा."

बेडरूमच्या वाटेवर, ऊन येत नाही अशा भिंतीवर, त्यांनी तो लावला. शाळेतून आलेल्या ज्ञानदाने विचारलं, "बाबा, व्हाय नॉट कलर?"

शशिकांतांनी चारुशीलाकडे पाहिलं. ती पदराने काच पुसत होती. पुसायला काही नव्हतं.

"रंग नीट येत नव्हते," ते म्हणाले. पिवळ्याची खात्री आता त्यांनाही उरली नव्हती.