टाकीचं झाकण

मंगळवारी सकाळी बाबा गेले. त्यांची मोटारसायकल अंगणात राहिली. ती मध्येच गचके खाऊन बंद पडायची, म्हणून दादाने ती भंगारात द्यायची ठरवली. मला ती हवी होती. मी ती लोणंदच्या एका मेकॅनिककडे नेली.

माणूस मोठा बोलका. विचार करताना पान्याने स्वतःचीच पाठ खाजवायचा. आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचा, मग किक मारायचा, की गाडी लगेच सुरू. "आवं ताई, लय नाटकी हाय ही!" त्याने प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. घरी परतताना पुन्हा तेच.

शेवटी चालत्या गाडीचा धूर बघायला तो माझ्यामागे उलटं तोंड करून बसला. ओळखीचे लोक हसत होते आणि हा त्यांना थाटात हात करत होता. गाडी अडखळून थांबली. त्याचं बघून मलाही लागलेल्या सवयीने मी झाकणाकडे हात नेला.

"थांबा! झाकण उघडून आपणच रोग पळवतोय की!"

झाकणाचं हवेचं भोक मेणाने बुजलं होतं. हवा आत जात नव्हती, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून बाबांनीच ते भरलं होतं, हे मला तेव्हा आठवलं. मेणावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता.

मी तसं सांगितल्यावर त्याने खिशातली तार मला दिली. "वडलांनी लावलंय न्हवं? मग तुमीच काढा. मला काय घाई न्हाई."

मी मेण काढेपर्यंत तो उसाच्या ट्रॉल्या बघत उभा राहिला.

गाडी आता माझ्याकडे आहे. रोज शाळेत शिकवायला मी तिच्यावरूनच जाते.