पापण्यांना लावलेलं क्रीम

परबांनी तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली आणि टेबलावरचा फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"झालं ना मॅडम? मारा सही. दुपारची ड्युटी आहे."

परब बस चालवायचे. मरोळच्या कंपन्यांचा स्टाफ दहिसरहून आरेमार्गे नेणं-आणणं हे त्यांचं काम. डोळे ठीक असल्याचं सर्टिफिकेट कॉन्ट्रॅक्टर दरवर्षी मागायचा. तक्ता वाचला की बऱ्याच ठिकाणी सही मिळते. मी जरा खडूस आहे. प्रेशर मोजल्याशिवाय कुणाला सोडत नाही.

हे प्रेशर म्हणजे ब्लड प्रेशर नव्हे. डोळ्याच्या आत पाण्यासारखा द्रव असतो, त्याचा हा दाब. तो वाढून राहिला की डोळ्यामागची नस हळूहळू मरते. यालाच काचबिंदू म्हणतात. बहुतेकांना दुखत नाही की डोळा लाल होत नाही. नजर कडेकडेनं जाते आणि समोरचं मात्र बराच काळ स्वच्छ दिसतं. त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही.

परबांचं प्रेशर दोन्ही डोळ्यांत भलतंच निघालं. मी त्यांना फील्ड टेस्टला बसवलं. यात हनुवटी टेकवून समोर बघायचं आणि आजूबाजूला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. ठिपके चमकत होते, बटण वाजत नव्हतं.

"मॅडम, मशीन बंद पडली वाटतं," परब म्हणाले.

मशीन चालू होती.

पंचेचाळिशीचा धडधाकट माणूस. घरात कुणाला काचबिंदू नाही, डोळ्याला कधी मार नाही. मी विचारलं, "स्टिरॉइड घेता का कुठलं?"

"मी जिमला जाणारा दिसतो का तुम्हाला?"

"गोळ्या? दम्याचा पंप? डोळ्यांत थेंब?"

"काहीच नाही."

"चेहऱ्याला काही लावता?"

"सोरायसिसचं क्रीम. साधं आहे ते."

त्यांनी पाकिटातून ट्यूबच्या खोक्याचा कापलेला तुकडा काढला. चिठ्ठी हरवते म्हणून खोक्याची एक बाजू कापून जपायची आणि केमिस्टला दाखवायची, ही आपल्याकडची पद्धत. तुकड्यावरचं नाव वाचलं. स्टिरॉइडच होतं, आणि सगळ्यात कडक जातीचं. त्वचेच्या डॉक्टरांनी ते डोक्यातल्या आणि कानामागच्या जाड चट्ट्यांसाठी दोन आठवडे दिलं होतं. चट्टे गेले. मग भुवयांत पापुद्रे आले, परबांनी तिथे लावलं. पापण्यांना खाज सुटली, तिथेही लावलं. मुलगी दहावीला होती तेव्हापासून रोज. आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती.

"हात धुऊन लावतो, पातळ थर. डॉक्टरांनी सांगितलं तस्साच," परब म्हणाले. खरंच नीटनेटका माणूस. पण खोक्यावर नाव असतं, दिवस नसतात.

पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ. डोक्यातल्या जाड चट्ट्यांसाठी दिलेलं कडक औषध तिथे रोज लावलं तर ते डोळ्यात झिरपतं आणि काही जणांचं प्रेशर चढत जातं. परबांना हे सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही, हेही सांगितलं. ते सांगण्याची सवय मला अजून झालेली नाही.

त्यांनी खोक्याचा तुकडा पुन्हा पाकिटात ठेवला. मग म्हणाले, "फक्त आरेचा रूट आहे हो. ट्रॅफिक पण नसतो."

"संध्याकाळी कडेनं माणूस आला तर दिसेल तुम्हाला?"

"मागच्या महिन्यात डावीकडून एक बाइकवाला घासून गेला," ते हळूच म्हणाले. "मी त्यालाच शिव्या घातल्या."

मी फॉर्म बाजूला ठेवला. त्यांनी हट्ट केला नाही, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

दारापर्यंत जाऊन ते थांबले. "मॅडम, सायलीला पण काजळानं खाज येते पापण्यांना. मीच लावून देतो तिला, तेच क्रीम."

सायली त्यांची मुलगी. संध्याकाळी तिला बोलावून घेतलं. प्रेशर तिचंही चढलं होतं, पण नस शाबूत होती. पापण्यांवरचं क्रीम त्या दिवशीच बंद केलं आणि दोघांना त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. असं क्रीम थांबवलं की कातडी काही दिवस चिडते, तशा तिच्या पापण्या लालबुंद झाल्या. ती वैतागली, रडली, पण टिकून राहिली. काही आठवड्यांत तिचं प्रेशर उतरलं.

परबांचंही उतरलं, थेंब घालून. नजर होती तेवढीच राहिली. कॉन्ट्रॅक्टरनं त्यांना काढलं नाही. मरोळच्या शेडमध्ये बसून ते आता इतर ड्रायव्हरांना गाड्यांच्या चाव्या देतात. एक वर्ष आधी कुणी प्रेशर बघितलं असतं तर, हा विचार मी फार वेळ करत नाही. करून उपयोग नसतो.

स्टिरॉइड क्रीम वाईट नाही. त्यानंच परबांचे चट्टे गेले, आणि डोक्यातल्या चट्ट्यांना गरज पडली तर त्यांचे डॉक्टर आजही मोजून काही दिवस देतात. फक्त ट्यूब हातात घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. कुठे लावायची, कुठे मुळीच नाही आणि कधी थांबायचं. डॉक्टर घाईत असला तरी विचारावं. थोडा चिडेल, पण सांगेल.