खऱ्या सह्यांची ग्रामसभा

ती दुपार आठवली की आजही सुन्न व्हायला होतं. कोकणातल्या एका ठाण्याचा मी निरीक्षक, रजा काढून दुबईला अल मनखूल भागात मुलीकडे आलो होतो. पोलिसाला रजा पचत नाही म्हणतात. चौथ्याच दिवशी आमच्या हद्दीतल्या गावचा एक जण दारात हजर. जवळच्याच उम्म अल कुवैन अमिरातीतल्या कारखान्यात सुपरवायझर. चहाला हात लावायच्या आधी त्याने मोबाइल पुढे केला.

"साहेब, ही ग्रामसभेची नोंदवही. चुलतभावाने माहिती अधिकारात मिळवली. झऱ्याची जागा खडीच्या खाणीला द्यायचा ठराव झालाय. खाली माझी सही! त्या दिवशी मी इथे ड्युटीवर होतो."

गावाला पाणी त्या एका झऱ्याचं. याची आईही तिथेच हंडा भरते.

तो सह्यांची यादी वाचू लागला. "हा अबुधाबीला असतो, हे दोघे माझ्याच कामगार कॅम्पात राहतात."

मला वाटलं, केस आयतीच आली. बनावट सह्या, ग्रामसेवकावर गुन्हा, खलास. सवयीने त्याच्याकडून पाच नमुना सह्या घेतल्या आणि फोटोशी ताडून पाहिल्या. तेच वळण, शेवटी तोच फराटा.

"सही तुमचीच दिसते."

"कसं शक्य आहे? पासपोर्ट बघा ना!"

"इकडे यायच्या आधी ग्रामसेवकाला भेटला होतात?"

त्याचा चेहरा उतरला. "दाखला आणायला गेलो होतो. तो म्हणाला, दोन वर्षं येणार नाहीस, नोंदवहीच्या कोऱ्या पानांवर चार सह्या ठेवून जा, गावाचं काम अडायला नको. सगळेच ठेवतात, साहेब."

मी हबकलोच. नोकरीत खोट्या सह्या ढिगाने पाहिल्या होत्या. खऱ्या सह्यांनी गावाचं पाणी जाताना पहिल्यांदाच पाहत होतो.

"तक्रार टिकवायची तर हे सगळ्यांसमोर कबूल करावं लागेल," मी म्हणालो.

"आईसमोर?"

"तिच्यासमोरही."

रजा संपवून मी परतलो आणि गावच्या पुढच्या ग्रामसभेला बंदोबस्तात होतो. तिकडून त्याचा फोन आला, तो त्याच्या आईने माइकला लावून धरला. "सही माझी आहे. सभेला मी नव्हतो. चूक झाली," तो म्हणाला. मग अबुधाबीवाला बोलला, मग कॅम्पातले दोघे. पासपोर्टच्या प्रती जोडल्या गेल्या. पुढे ठरावाला स्थगिती मिळाली, ग्रामसेवकावर गुन्हा नोंदला, झरा वाचला.

पण त्या सभेत फोन खाली घेताना ती माऊली म्हणाली, "अरे, पाणी मी भरते. मला तर कुणी विचारलंच नाही."

कारभाऱ्यांना जाब विचारायचा तर आधी आपण जागेवर असावं लागतं, एवढं मी त्या दिवशी शिकलो. ठाण्यात परतल्यावर पहिला फोन माझ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला केला. दुबईला निघताना मीही त्याच्याकडे कोऱ्या कागदावर सही ठेवून गेलो होतो.