माझ्या आधीच्या स्लॉटचा माणूस

तुआस या औद्योगिक वसाहतीतल्या भाड्याच्या टेस्ट चेंबरमध्ये माझ्या आधीचा स्लॉट नेहमी त्याचाच असायचा. दुसऱ्या कंपनीतला चिनी इंजिनिअर. नाव मी कधी विचारलं नाही, मुद्दामच. दोघांचं काम एकच: रेडिओचा सिग्नल चहूकडे न सांडता एकाच दिशेला जावा म्हणून अँटेनांची रांग जुळवायची. आत शिरताना तो घड्याळ, पट्टा, धातूचं सगळं काढून टेबलावर ठेवायचा. मग स्क्रीनवर त्याच्या सिग्नलची एकच सरळ, देखणी पाकळी उमटायची. माझ्या पाकळीच्या आजूबाजूला मात्र नको तेवढे फुटवे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका गुरुवारी कडेच्या अँटेनांची पॉवर आणखी उतरवली आणि माझी पाकळी त्याच्यापेक्षाही स्वच्छ आली. तेवढ्यात तो विसरलेलं घड्याळ न्यायला परत आला. मी स्क्रीन हळूच त्याच्याकडे वळवली. आता बघू म्हटलं, चेहरा कसा पडतो ते.

तो वाकून बघत राहिला. मग माझा हात दोन्ही हातांत धरून तिथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाला, "सो क्लीन, लाह! टुडे आय गो होम हॅपी."

आणि त्या आनंदात घड्याळ पुन्हा तिथेच विसरून गेला.

आज मी जिंकलो होतो, आणि जळतही मीच होतो.