हाफ थ्री म्हणजे किती वाजता?

माझी शेवटची पोस्टिंग हॅनोव्हरला झाली. साल दोन हजार सात, महिना सप्टेंबर. ऑर्डर मुलीची होती, मुक्काम तीन महिने, आणि कमांडिंग ऑफिसर नेहमीप्रमाणे आमची सौ. सुमन. मुलगी मंजिरी तिथल्या युनिव्हर्सिटीत बर्फावर पीएचडी करत होती. ज्या बर्फाने माझ्या पायाची दोन बोटं नेली, त्याच्या अभ्यासासाठी माझ्या मुलीला शिष्यवृत्ती मिळते, याची मला गंमत वाटायची आणि अभिमानही.

मी तोफखान्यातला सुभेदार, पण सव्वीस वर्षांत तोफ क्वचितच डागली. मी हवामान सेक्शनमध्ये होतो. वाऱ्याने गोळा ढळतो, म्हणून आधी वारा मोजावा लागतो. आम्ही फुगे सोडायचो, आकडे काढायचो, रिपोर्ट द्यायचो. बाकीचे जवान आम्हाला "जत्रेतले फुगेवाले" म्हणायचे. लडाखमध्ये माझा जोडीदार होता हवालदार महादू जगताप, फलटणकडचा. मी रिपोर्ट वाचून संपवला की स्टोव्ह पेटवणं हे त्याचं काम.

सवय सुटली नाही. हॅनोव्हरलाही रोज ०६०० वाजता मी बाल्कनीत उभा राहून तापमान, वारा, ढग मोठ्याने सांगायचो आणि शेवटी म्हणायचो, "रिपोर्ट संपला. महादू, चहा टाक."

आतून सुमन म्हणायची, "महादू झोपलाय. मीच टाकते."

शेजारी हेर क्र्युगर राहायचे; हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत. वय सत्तर, जन्मभर जहाजावर रेडिओ ऑपरेटर. दाराच्या पाटीवर मी हौसेने "सुभेदार निकम" लिहून चिकटवलं होतं. त्यांना सुभेदार हे माझं नाव वाटलं, आणि मी कायमचा "हेर झुबेदार" झालो. आमचं दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमायचं. दर रविवारी ते चहाला यायचे. जाताना सांगायचे, "नेक्स्ट संडे, हाफ फोर." मी साडेचार धरायचो. आणि पुढच्या रविवारी बरोबर साडेतीनला दारात हजर. मी बनियनवर, सुमनची पोह्यांची तयारी नाही. "जर्मन वक्तशीर असतात म्हणे," मी तणतणायचो, "हा माणूस दर वेळी तासभर आधी येतो!" सुमन म्हणायची, त्यांना घरी करमत नसेल.

त्याच महिन्यात मंजिरीला दोन सहकाऱ्यांबरोबर नॉर्वेच्या पार उत्तरेला जायचं होतं. उघड्या पठारावरच्या एका मास्टवर, म्हणजे उंच खांबावर, त्यांची वाऱ्याची यंत्रं होती, ती काढून आणायची. निघण्याआधी मी तिला पानभर अंदाज लिहून दिला. तिकडे सप्टेंबर म्हणजे शरद नव्हे, हिवाळ्याचं दार. दिवस झपाट्याने लहान होणार. सकाळच्या निळ्या आकाशावर भुलू नकोस. पहिला बर्फ पावसातून येतो, वारा वायव्येला वळला की समज तो निघाला. तिने पान घडी करून पासपोर्टमध्ये ठेवलं.

तिच्या केबिनवर इंटरनेट नव्हतं, फक्त सॅटेलाइट फोन. बॅटरी वाचवायची म्हणून तो दर तासाला पाचच मिनिटं चालू. रोज सकाळी इन्स्टिट्यूटमधून कोणीतरी हवामान सांगायचं. पण रविवारी तिथे कोणी नसतं.

"बाबा, रविवारचा रिपोर्ट तुम्ही द्याल?" तिने विचारलं.

निवृत्तीनंतर एवढा खूश मी कधी झालो नव्हतो. हेर क्र्युगरांचा एक जुना मित्र तिकडच्या बंदरात होता. रविवारी ०७३० वाजता त्यांनी त्याला फोन लावला, ऐकलं आणि माझ्याकडे वळले. "हेर झुबेदार. मॉर्निंग गुड. देन स्टॉर्म, मच स्नो. हाफ थ्री."

"हाफ थ्री. कन्फर्म?"

"या, गेनाऊ." म्हणजे हो, अगदी बरोबर. "हाफ थ्री."

मी लिहून घेतलं, १५३०. ०८०० वाजता मंजिरीला दिलं. "सकाळ मोकळी, वारा वायव्य, वाढता. वादळ आणि बर्फ साडेतीनला. तीनपर्यंत केबिनमध्ये ये."

"रॉजर, बाबा."

१२४० वाजता आम्ही जेवत होतो. सुमन आठवड्यातून दोनदा जर्मनच्या क्लासला जायची आणि गृहपाठ मला ऐकवायची. वही ताटाशेजारी ठेवून ती म्हणाली, "अहो, गंमत ऐका. हाल्ब फिअर, म्हणजे हाफ फोर, ते साडेचार नाही हं, साडेतीन. चार वाजायला अर्धा तास बाकी, असं मोजतात हे लोक. म्हणजे क्र्युगरभाऊजी बिचारे वेळेवरच येत होते!" आणि ती पोट धरून हसायला लागली.

मीही हसलो. मग घास हातातच राहिला. हाफ फोर साडेतीन, तर हाफ थ्री किती? अडीच. मी माझ्या मुलीला एक तास जास्त दिला होता.

असा तास मी आयुष्यात याआधी एकदा दिला होता. लडाख, सप्टेंबर, स्वच्छ ऊन. मी रिपोर्ट दिला, संध्याकाळपर्यंत साफ. महादू रिजवर, डोंगराच्या धारेवर गेला, मास्टवरचं वारादर्शक अडकलं होतं ते सोडवायला. जाताना म्हणाला, "आलोच. चहाचं पाणी मोजून ठेव." १५०० वाजता बर्फ सुरू झाला. तो आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. चौकशीत माझी चूक निघाली नाही. पण रिपोर्टवर सही माझी होती, आणि ती मी आजतागायत विसरलेलो नाही.

फोन १३०० लाच लागणार होता. वीस मिनिटं मी उभा होतो. सुमनने माझा खरकटा हात धुतला.

१३०० ला रिंग गेली.

"मंजू, बाबा बोलतोय. तुम्ही कुठे?"

"मास्टपाशी. आत्ताच पोचलो. काम पाऊण तासाचं आहे."

"काम सोड. रिपोर्ट चुकला. वादळ अडीचला. वन फोर थ्री झिरो. रीड बॅक, परत म्हणून दाखव."

"वन फोर थ्री झिरो. पण बाबा, यंत्रं..."

"यंत्रं राहू देत. केबिनला किती वेळ?"

"सव्वा तास."

"निघ. आत्ता. ही ऑर्डर आहे."

"निघाले."

१४०० ला फोन लागला नाही. सुमन देवासमोर बसली. मी बाल्कनीत गेलो आणि हॅनोव्हरच्या स्वच्छ आकाशाला पोटभर शिव्या दिल्या.

१५०० ला फोन वाजला. "बाबा, आत आहोत. तिघंही. दारापर्यंत आलो आणि बर्फ सुरू झाला. आता खिडकीतून काही दिसत नाही." मला "रॉजर" म्हणायचं होतं. हुंदका आला. सुमनने फोन काढून घेतला आणि मुलीला स्वेटरवरून झापलं.

साडेतीनला, म्हणजे अगदी वेळेवर, हेर क्र्युगर चहाला आले. झाला प्रकार ऐकून पांढरेफटक पडले, मग माझा हात दोन्ही हातांत धरून बसले. त्या दिवसापासून आम्ही वेळ चारच आकड्यांत सांगायचं ठरवलं.

सोमवारी बरोबर ०६०० ला फोन वाजला. मी बाल्कनीत निघालोच होतो. फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, आजचा रिपोर्ट मी देते. तापमान उणे दोन. वारा मंद, उत्तरेचा. आकाश मोकळं होतंय. बर्फ गुडघाभर. यंत्रं परवा काढू." ती थांबली. तिच्या बारशाला महादूने तिला एकदाच मांडीवर घेतलं होतं. तिला ते आठवणं शक्य नाही. "रिपोर्ट संपला. महादूकाका, चहा टाका."

आतून सुमन त्या दिवशी "झोपलाय" म्हणाली नाही. तिने तीन कप मांडले. चहा वाया गेलेला महादूला कधी खपायचा नाही, म्हणून तिसरा मीच प्यायलो.