ब्युनोस आयरेसची सवाष्ण

नवस राहून गेला तर ह्यांचं दुखणं उलटेल, ही धास्ती घेऊनच मी ब्युनोस आयरेसला गेले. एकसष्ट-बासष्ट साल असेल. आदल्या वर्षी बेंगळुरात ह्यांना टायफॉइड झाला, डॉक्टरांनीही आशा सोडली, तेव्हा मी देवीला बोलले होते: हे उठून बसले, तर पुढच्या श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी सवाष्ण जेवू घालून तिची ओटी भरीन. हे उठले. श्रावण आला, आणि कारखान्याने ह्यांना यंत्रं बघायला थेट दक्षिण अमेरिकेत धाडलं, सोबत मलाही. चिकपेटेच्या बाजारातून घेतलेला हिरवा खण, हरभऱ्याची डाळ, गूळ ट्रंकेत भरला. सवाष्ण काही भरून नेता येईना.

काम लवकर आटोपलं आणि आठवडा मोकळा मिळाला. आपल्या श्रावणात तिकडे कडाक्याची थंडी. रुंद रस्त्यांवरून आम्ही रमतगमत हिंडायचो, कॉफीच्या दुकानात तास तास बसायचो. हे खुशीत होते. माझं लक्ष मात्र बायकांच्या कपाळाकडे आणि गळ्याकडे. कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, ओळखायचं कसं? "अगं, शहर बघायला आलीस की सून बघायला?" हे चिडवत. मी हसायचे, पण पोटातून रडू यायचं. एवढ्या गर्दीत मराठी सोडाच, आमच्या गल्लीतल्यासारखं कानडीत 'ऊटा आयता?', जेवलात का, एवढं विचारणारंही कोणी नव्हतं.

शेवटच्या शुक्रवारी भाड्याच्या खोलीत पुरण शिजवलं. दुपार टळली, मी उपाशीच. शेवटी देवीच्या टाकासमोर बसले आणि म्हटलं, "माझ्याच्याने होत नाही, आता तूच बघ."

थोड्या वेळाने दार वाजलं. एक वयस्क बाई उभी होती, हातात माझी शाल. सकाळी मी ती बागेतल्या बाकावर विसरले होते. साडीवाल्या बाईचं घर विचारत ती चार दारं फिरली होती. तिच्या बोटात अंगठी दिसली. लग्न झालेल्या बायका तिथे अंगठी घालतात, हे ह्यांनीच सांगितलं होतं. मी तिला हात धरून आत घेतलं.

ती पोटभर जेवली. मी कुंकू लावलं, तिच्या झग्याच्या ओच्यात खण-तांदूळ घातले, आणि ती रडू लागली. ह्यांना तिची भाषा थोडीफार येत होती. ऐकता ऐकता ह्यांचा चेहरा उतरला. "नवरा जाऊन अकरा वर्षं झाली म्हणते. तेव्हापासून कोणी पान वाढून बसवलं नव्हतं म्हणे."

विधवेची ओटी भरली होती मी! तिचं कुंकू पुसायला पदर उचललासुद्धा. ती आरशात बघत कुंकवाला हळूच बोट लावत होती, हसत होती. "राहू दे गं," हे म्हणाले. मी पदर खाली सोडला.

परतल्यावर कित्येक महिने रोज ह्यांचं कपाळ चाचपायचे. ताप आला नाही. पुढे वीस वर्षं आमचा संसार सुखाचा झाला. मग हे गेले, आणि मल्लेश्वरमच्या घरी हळदीकुंकवाचं बोलावणं येईनासं झालं. शेजारणी वाईट नव्हत्या, रीतच तशी. पहिल्या श्रावणातल्या शुक्रवारी एकटीच पानावर बसले. घास उतरेना. तेव्हा ती आठवली. 'तूच बघ' म्हटलं होतं ना मी, आणि देवीने माझं इतक्या पुढचं बघून ठेवलं होतं. आई, तुझे उपकार कसे फेडू?

उठले, कुंकवाचा करंडा काढला, स्वतःच्या कपाळाला बोट लावलं आणि पोटभर जेवले.